कुंडी त्यांची, माती आमची



लातुरात एका बंगल्याच्या गच्चीवर गेलो होतो. आमंत्रण नव्हतं. मित्राच्या टेम्पोतून कंपोस्टची पोती पोचवायची होती, हमाल ऐनवेळी आला नाही, म्हणून मी. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत पोती नेली. तीन मजले पाठीवर चढवली आणि टाकीच्या सावलीला टेकलो. गच्चीवर पंचवीस-तीस माणसं मांडी घालून बसलेली. शिबिर होतं. पर्माकल्चरचं. शहरात राहून पृथ्वी कशी वाचवायची त्याचं.

शिकवणाऱ्या बाईंनी मी आणलेल्या पोत्याचं तोंड सोडलं. ओंजळभर खत काढलं. म्हणाल्या, डोळे मिटा आणि वास घ्या, पहिल्या पावसाचा वास आहे हा. खत या ओंजळीतून त्या ओंजळीत फिरलं. सगळ्यांनी डोळे मिटले. कुणीतरी म्हणालं, अहाहा.

माझी माय नांदेडात ठेकेदाराकडं झाडूकाम करते. त्या पोत्यातलं खत ज्या ओल्या कचऱ्याचं झालं, तो कचरा तिच्यासारखीच्याच हातातून गेलेला. कामावरून आली की ती आधी दाराबाहेर बसून हातपाय धुते, मग उंबरा ओलांडते. पलीकडच्या गल्लीतल्या बाया नळावर तिच्या हंड्याला हंडा लावायला आजही का-कू करतात. तिच्या अंगाला येतो तो वास घाण. तोच कचरा तीन महिने कुजवून पोत्यात भरला, गच्चीवर नेला, की पहिला पाऊस!

च्यायला, वासालाही जात असते.

हे सांगतोय ते त्या बाईंवर राग काढायला नाही. बाई भल्या होत्या. मला पाणी दिलं, काचेच्या ग्लासातच दिलं. पण परत येताना अहमदपूरपर्यंत मी एकच विचार करत होतो. ह्या शिबिरात माती होती, पाणी होतं, गांडूळसुद्धा होतं. फक्त माणूस नव्हता. ती माती करणारा माणूस. मी तिथं होतो, पण हमाल म्हणून होतो.

आता ही पर्माकल्चरची भानगड काय ते नीट समजून घेऊ. न समजता शिव्या देणं हे आपलं काम नाही.

हा शब्द ऑस्ट्रेलियातला. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांचा. अर्थ काय, तर टिकणारी, कायमची शेती. १९७८ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, 'पर्माकल्चर वन'. म्हणणं साधं आहे. जमीन उघडी ठेवू नका, पाल्यापाचोळ्यानं झाका. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला बसवा, बसलेलं मातीत मुरवा. एकच पीक घेऊ नका. झाड, झुडूप, वेल, कंद, भाजी एकमेकांच्या आधारानं लावा. निसर्गात कचरा नावाची वस्तू नसते, एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं अन्न. आणि ह्याला शेतच पाहिजे असं नाही. गच्ची, अंगण, ओसाड प्लॉट, कंपाउंडाची कड, काहीही चालतं.

आपल्याकडं कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हेच निराळ्या तऱ्हेनं सांगत होते. गणिताचा प्राध्यापक, पण शेतकऱ्यांना घेऊन 'प्रयोग परिवार' उभा केला. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत पोटापाण्याला लागेल तेवढं पिकवू शकतं, असं त्यांचं गणित. उन्हाचा कवडसा, पाचोळा, सांडपाणी, सगळं मोजून वापरायचं. आज पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर उसाची चिपाडं कुजवून भाजी काढतात, त्यातल्या कितीकांना हे नाव ठाऊक असेल कोण जाणे.

ह्या शास्त्राशी माझं भांडण नाही. शास्त्र खरं आहे. माझं भांडण दहा गुंठे ह्या शब्दाशी आहे. दहा गुंठे कुणाकडं आहेत?

आता त्याच १९७८ सालाकडं या. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे काय? आमची घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना जाळून मारलं. नामांतरासाठी म्हणतात. नामांतर हे निमित्त. गावात ताठ मानेनं चालणारा, पोराला कॉलेजात धाडणारा, गायरानावर नांगर घालणारा महार-मांग डोळ्यांत सलत होता, त्याचा हिशेब होता तो. माझा आजा त्या पावसाळ्यात कंधार तालुक्यातलं गाव सोडून रातोरात नांदेडला आला. अंगावरचे कपडे, आजी, तीन पोरं. मागं राहिलं जळकं खोपट आणि दीड एकर गायरान.

तिकडं जगाला कायमच्या शेतीचा शोध लागला, इकडं आमची शेती कायमची सुटली. साल एकच.

आणि त्या दीड एकरात आजा करत काय होता? ऐका. जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. गावानं गुरांसाठी सोडलेली, गुरांनीही सोडलेली. आज्यानं दगड वेचून उताराला आडवे बांध घातले. तळ्याचा गाळ आजीनं डोक्यावर वाहिला. पाचोळा, राख, शेण, जे मिळेल ते खड्ड्यात. ज्वारीत तूर, तुरीत अंबाडी, कडंला हुलगा, बांधावर बोर. आठ वर्षांत मुरमाची माती झाली. हे पर्माकल्चर नाही तर काय आहे? पण आज्याला कुणी पर्यावरणवादी म्हटलं नाही. तलाठ्याच्या वहीत त्याला एकच शब्द होता. अतिक्रमणदार.

हा शब्द लक्षात ठेवा, दोस्तहो. सगळं राजकारण ह्या एका शब्दात आहे.

गायरानाचा लढा आजचा नाही. १९५३ साली, मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा, बी. एस. वाघमारेंच्या पुढारपणाखाली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं भूमिहीनांचा सत्याग्रह केला. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी खानदेश-मराठवाड्यात केला. १९६४ च्या ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर केला. लाखो माणसं तुरुंगात गेली. आयाबाया तान्ही पोरं घेऊन गेल्या. मागणी काय होती? पडीक जमीन कसू द्या. बस्स. पडीक! तुमच्या बागायतीला कुणी हात लावला नव्हता.

मग १९९१ च्या २८ नोव्हेंबरला सरकारनं निर्णय काढला, की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं ते. कागद निघाला. कागदावरून सातबाऱ्यावर यायला कित्येकांच्या दोन पिढ्या गेल्या, तरी आला नाही. २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना बजावलं. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जमिनी हा अपवाद लिहिलाय. पण अपवाद कोण वाचतो? २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि सरकारनं राज्यभरातली दोन लाखांवर अतिक्रमणं वर्षअखेरीला उपटायची तयारी केली. पुन्हा त्याच दारांना नोटिसा. ओरड झाली तेव्हा हात आखडला.

गायरान गुरांसाठी राखलंय म्हणतात. म्हणजे ह्या देशात गुराच्या नावानं सरकारी जमीन आहे. माणसाच्या नावानं नाही.

आणि गाय म्हटली की आमचे हिरवे मित्र हळवे होतात. जिवामृताला देशी गायीचंच शेण पाहिजे, गोमूत्रच पाहिजे. आता देवणी गाय तर आमच्याच लातूर जिल्ह्यातली, तालुक्याचं नाव लावणारी. पण गायीला गोठा लागतो, गोठ्याला जागा लागते, जागेला मालक लागतो. शेण काढणारा हात मात्र सालगड्याचा नाहीतर त्याच्या बायकोचा. आणि गाय मेली की? गुलाबाला घालायला नर्सरीत हाडांचं खत मिळतं, पिशवीवर फुलाचं चित्र. ती हाडं कुणी गोळा केली? मेलेलं ढोर कुणी ओढलं? बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी ते काम टाकलं, त्यासाठी गावाचा बहिष्कार खाल्ला, मार खाल्ला. जे पोटासाठी करत राहिले त्यांचं काय झालं ते ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उन्यात दिसलं. मेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून, उघडं करून मारलं. त्यावर उन्याचा मोर्चा निघाला तेव्हा मागणी कसली केली पोरांनी? गायीची शेपटी तुम्हीच धरा, आम्हाला पाच एकर जमीन द्या. गाय आणि जमीन, दोन्हींचा हिशेब एका दमात मांडला. पर्यावरणाचं ह्याहून खरं भाषण मी ऐकलेलं नाही.

निसर्गात कचरा नसतो हे शास्त्रही असंच अर्धं सांगितलं जातं. कचरा नसतो, कबूल. पण कचरा उचलणारा असतो. लातूरचा कचरा वरवंटीच्या डेपोवर जातो. नांदेडचंही सांडपाणी नाल्यानाल्यानं गोदावरीत उतरतं. ह्या सगळ्या वाटेवर पदोपदी आपली माणसं उभी आहेत, हातमोज्यांशिवाय. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा वेचणाऱ्यांना सामावून घ्या असं लिहिलं होतं. २०१३ चा कायदा हातानं मैला उचलायला लावणं गुन्हा ठरवतो. तरी गटारात माणसं मरतात, आणि मेल्यावर त्यांचा भाव ठरतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दहा लाख ठरवला, २०२३ साली तीस लाख. भाव वाढला. मरणारी जात तीच.

आता आमच्या वस्तीची गोष्ट सांगतो. नुसती टीका करून मोकळं व्हायची सवय आपल्यातल्या लिहिणाऱ्यांना आहे, मलाही आहे. म्हणून केलेलं सांगतो.

लातूरहून आलो आणि चार पोरांना म्हटलं, आपण करू. वस्तीच्या मागं एक मोकळा प्लॉट होता. मोकळा म्हणजे कचरा जाळायचा. आम्ही अकरा घरं मिळून चार रविवार नुसतं प्लास्टिक आणि काचा वेचल्या. खालच्या मातीचा भरवसा नव्हता. वर्षानुवर्षं बॅटऱ्या, टायर, वायरी जाळलेल्या, त्यात शिसं असतं आणि पालेभाजी ते ओढून घेते. म्हणून पडक्या विटांचे दोन फूट उंच वाफे केले, तळाला जाड ताडपत्री. नाल्याचं पाणी एक थेंबही घ्यायचं नाही असं ठरवलं. शहरातून जाणाऱ्या नाल्यावर भाजी पिकवून शहरालाच खाऊ घालतात, ती आपल्या लेकरांना नको.

भरायला काय? रसवंतीवाल्याची चिपाडं फुकट. भाजीमंडईतला सडका पाला फुकट. कडुनिंबाचा वाळका पाचोळा फुकट. म्हशीच्या गोठ्याचं शेण दहा रुपये पाटी. वाळकं जास्त, ओलं कमी, थरावर थर, वर गोणपाट. ओलं जास्त झालं की घाण मारतं, वाळकं जास्त झालं की कुजतच नाही. हे माझ्या मायनं सांगितलं. बाईंच्या शिबिरात कार्बन आणि नत्राचं तीसास एक प्रमाण सांगत होते. मायला आकडा ठाऊक नव्हता, तिनं ढिगात हात घातला आणि सांगितलं, अजून पाला टाका रे, गरम लागंना.

तीन महिन्यांत ढीग बसून निम्मा झाला. मेथी, चवळी, भेंडी, जाळीवर दोडका, कडंला शेवगा आणि पपई. तांदुळजा आणि घोळ तर न लावता उगवले. आम्ही पोरं तण म्हणून उपटायला लागलो तर म्हातारी आजी काठी घेऊन धावली. बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच भाज्यांवर तिनं माझ्या बापाला जगवलं होतं. त्या वर्षी रेशनला परदेशी मिलो ज्वारी आणि रानात तरोटा. ज्यांनी आम्हाला तरोटा खाणारे म्हणून हिणवलं, त्यांचीच पोरं आता ऑगस्टात रानभाजी महोत्सवात रांग लावून तरोट्याची जुडी घेतात. घेऊ देत. पण ती भाजी कुणी टिकवली, कुणाच्या भुकेनं टिकवली, तेही पाटीवर लिहा म्हणावं.

सहा महिने अकरा घरांत आठवड्यातून दोनदा भाजी गेली. विकत घ्यायला पावशेराचाही विचार करणाऱ्या घरांत. मग एका सकाळी जेसीबी आला. कागद दाखवा म्हटलं. वरून ऑर्डर आहे, म्हणाले. वर म्हणजे कुठं ते आजवर कळलं नाही. शेवगा फुलावर होता. अर्ध्या तासात विटा, माती, वेल, जाळी, सगळा एक ढिगारा. माय कामावर होती. आली, ढिगारा बघितला, काही बोलली नाही. पदर खोचला आणि ढिगाऱ्यातून भेंड्या वेचायला लागली.

महिनाभरानं त्याच रस्त्याच्या पलीकडं, बंगल्यांच्या बाजूला, तसल्याच मोकळ्या जागेला तारेचं कुंपण पडलं. आत हिरवळ, फुलझाडं, एक बाक, एक पाटी: झाडं लावा, झाडं जगवा. जागा त्यांचीही नव्हती. तिकडं जेसीबी वळला नाही. आमचं ते अतिक्रमण, त्यांचं ते सुशोभीकरण. आज्याच्या वहीतला शब्द नातवाच्या नावावर आला. सातबारा नाही आला, शब्द मात्र वारसाहक्कानं आला!

आता पाणी. लातूरकरांना पाण्याचं काय सांगायचं, पण पोरं विसरतात. मार्च २०१६. मांजरा धरण कोरडं. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लागलं. पाचापेक्षा जास्त माणसं पाण्यापाशी जमायची नाहीत. महिना मार्चच होता, ज्या महिन्यात १९२७ साली बाबासाहेब महाडला हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले. एकोणनव्वद वर्षांनी पाण्यापाशी जमणं पुन्हा गुन्हा! १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर पावणेचार लाखांवरचं. म्हणजे पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटर. दोन दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती.

आणि पाणी गेलं कुठं होतं? उसात. महाराष्ट्रात चारेक टक्के जमिनीवर ऊस आणि सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या घरात पाणी त्याला, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंच मांडलंय. एक किलो साखरेमागं दोन हजार लिटरच्या आसपास पाणी. म्हणजे पहिल्या रेल्वेनं आणलेलं सगळं पाणी अडीच क्विंटल साखरेचं. अडीच क्विंटल! एका लग्नाच्या बुंदीला जास्त लागेल.

त्या दुष्काळानंतर लातुरात छतावरचं पाणी साठवायच्या गोष्टी सुरू झाल्या. चांगली गोष्ट आहे. मी आमच्या खोपटाचा हिशेब मांडला. दहा बाय वीसचा पत्रा, म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. पाऊस वर्षाला ८०० मिलिमीटर धरा. गळती-उडती सोडून बारा हजार लिटर पाणी पडतं आमच्या डोक्यावर. वर्षभर वाटलं तर रोजचे बत्तीस लिटर. म्हणजे आभाळ आमच्याशी जात बघून वागत नाही. पण बारा हजार लिटरची टाकी ठेवायची कुठं? जागेचा पट्टा नाही. पट्टा नाही म्हणून पक्की टाकी नाही, पक्कं घर नाही, आणि बाग तर नाहीच नाही. त्यामुळं ते पाणी पत्र्यावरून गल्लीत, गल्लीतून नाल्यात, आणि नाल्यातून उलटं आमच्याच घरात.

म्हणून म्हणतो, जमिनीचा प्रश्न वगळून केलेली बाग ही शोभा आहे. चळवळ नाही.

आता आपल्या माणसांकडं वळतो. कारण सगळ्यात जास्त हसले ते आपलेच. एक जुना कार्यकर्ता म्हणाला, बाबासाहेबांनी गाव सोडा, शहरात जा, शिका म्हटलं, आणि तू एम. ए. होऊन परत शेणात हात घालतोस? दुसरा म्हणाला, हे पांढरपेशांचे चाळे आहेत, रिकामटेकड्या बायकांचे. तिसरा म्हणाला, अत्याचार होतायत आणि तू मेथी लावतोस?

पहिल्याला उत्तर. दादा, शेण वाईट नाही. शेण काढायची सक्ती वाईट. बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं ते गावच्या गुलामीतून सुटायला, मातीचा विटाळ मानायला नाही. त्याच बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या पोरांसाठी १९५० साली मिलिंद कॉलेज काढलं आणि त्या माळरानाला नाव काय दिलं? नागसेनवन. नगर नाही, पेठ नाही. वन! शिकायचं आणि झाडाखाली बसून शिकायचं, हक्काच्या झाडाखाली.

दुसऱ्याला उत्तर. बायकांचे चाळे म्हणतोस, तर शेजारच्या झहीराबादला जाऊन ये. आपल्यासारखाच निजामाचा मुलूख. तिथं १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीसोबत गावोगावच्या दलित बायांनी संघम उभे केले. उजाड जमिनी हिरव्या केल्या. एका शेतात ज्वारी, तूर, राळं, कितीतरी पिकं एकत्र. बियाणं स्वतःच्या घरात, कंपनीच्या पिशवीत नाही. २००८ साली त्यांनी स्वतःचं रेडिओ केंद्र चालू केलं. पर्माकल्चर ह्या देशात आधी जिथं रुजलं त्यातली ही एक जागा. काचेच्या ग्लासवाल्या गच्चीवर नव्हे, दलित बाईच्या कोरडवाहू तुकड्यात रुजलं. सांगतं का कुणी शिबिरात?

तिसऱ्याला उत्तर देणं अवघड आहे. तो खरं बोलतो. मेथी लावून अत्याचार थांबत नाही. पण ज्याची भाकरी पाटलाच्या दावणीला, तो साक्ष फिरवतो, हे आपण कोर्टात किती वेळा पाहिलं? भूमिहीन माणसाला बहिष्कारानं आठ दिवसांत गुडघ्यावर आणता येतं. किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद. ज्याच्या दारात चार वाफे, शेवग्याचं झाड आणि टाकीभर पाणी आहे तो आठाऐवजी तीस दिवस टिकतो. मी मेथीला क्रांती म्हणत नाही. मी तिला शिदोरी म्हणतो.

तेव्हा हिरव्या मित्रांनो, तुमच्याशी दोस्ती करायला आम्ही तयार आहोत. अटी ऐका.

एक. प्रत्येक वॉर्डातल्या सरकारी मोकळ्या जागेचा एक तुकडा लगतच्या वस्तीला सामाईक बागेसाठी लेखी द्या. पाटी नको, करार पाहिजे. पाण्याच्या नळासकट.

दोन. शहराच्या कचऱ्याचं खत विकून जो पैसा येतो त्यात कचरा वेचणाऱ्याचा आणि झाडणाऱ्याचा वाटा. ठेका बंद, कायम नोकरी. हातमोजे भिकेत नको, नियमात पाहिजेत.

तीन. गायरान कसणाऱ्याला अतिक्रमणदार म्हणणं बंद. ज्यानं मुरमाची माती केली त्याच्या नावावर सातबारा.

चार. झोपडपट्टीच्या घराला पट्टा आणि पट्ट्यासोबत पाण्याची टाकी. छताचं पाणी अडवा म्हणून उपदेश करायच्या आधी छत कायम करा.

पाच. आधी माणसाला पाणी, मग पोटाच्या पिकाला, मग उसाला. ह्या क्रमासाठी तुम्ही कारखान्याच्या गेटावर आमच्यासोबत बसणार असाल, तर तुमच्या गच्चीवर आम्हीही येऊ. हमाल म्हणून नाही.

ह्या पाचांपैकी एकही तोंडातून निघत नसेल, तर तुमच्या कुंड्या तुम्हाला लखलाभ.

आणि माझ्या वस्तीतल्या पोरांनो, तुम्हाला एवढंच. करार येईपर्यंत थांबू नका. आमच्या वाफ्यांवर जेसीबी फिरला त्यानंतर आम्ही सिमेंटची रिकामी पोती गोळा केली, धुतली, बुडाला भोकं पाडली आणि त्याच ढिगाऱ्यातली माती भरली. आता बाग पोत्यांत आहे. दारात, जिन्यात, संडासाच्या पत्र्यावर. जेसीबी दिसला की दहा मिनिटांत उचलून आत घेता येते. पळणाऱ्यांची बाग आहे ती, आमच्या आज्यासारखी. पण आजा हात हलवत पळाला होता, आम्ही माती घेऊन पळतो.

त्या प्लॉटवर अजून कुंपण पडलेलं नाही. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक तिथूनच जाते. ढोल थांबला की प्रत्येकानं खांद्यावरचं एक पोतं तिथं ठेवायचं आणि पुढं चालायचं. उचलायला या म्हणावं. किती उचलतील?

जय भीम.